ही कळ कुठल्या प्रकारची? क्यूएमके फर्मवेअरमध्ये कळांची वर्गवारी, नवख्यांसाठी

माझ्या कीबोर्डवर ‘महाराष्ट्र’ लिहिलं की मध्येच ब्राउझरची डाउनलोडची खिडकी उघडायची. दर वेळी नाही, एखादं बोट कळेवर जरा रेंगाळलं की. ‘मुंबई’ला काही होत नसे, ‘पुणे’ही सुखरूप उमटायचं. आठवडाभर मी माझ्या सोल्डरिंगला दोष दिला, मग केबल बदलली, मग एक स्विच उपटून दुसरा बसवला. यातल्या कशाचाच दोष नव्हता. फर्मवेअरने, म्हणजे कीबोर्डच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमने, ‘ट’ची कळ ‘अक्षरं’ या गटात धरलीच नव्हती.

म्हणून हा लेख. कस्टम कीबोर्डचं फर्मवेअर स्वतः लिहायला लागलं की पहिल्या महिन्यातच एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो: आत्ता दाबली गेलेली कळ कुठल्या प्रकारची? अक्षर, अंक, विरामचिन्ह, शिफ्ट-कंट्रोलसारखी जोडीची कळ, लेयर (त्याच कळांना दुसरे अर्थ देणारा थर) बदलणारी की मी स्वतः बनवलेली? याचं उत्तर देणारं एक फंक्शन नीट लिहून ठेवलं, तर पुढची निम्मी कामं सोपी होतात. नाही लिहिलं तर तीच अट पाच ठिकाणी पाच वेगवेगळ्या चुकांसह लिहिली जाते. माझ्या फाइलमध्ये तशीच होती.

तुमच्याकडे क्यूएमकेवर, म्हणजे कस्टम कीबोर्डसाठीच्या मुक्त फर्मवेअरवर, चालणारा कीबोर्ड आहे, निदान एकदा तरी फर्मवेअर कंपाइल करून कीबोर्डमध्ये चढवलं आहे, आणि सी भाषेतलं इफ आणि स्विच वाचता येतं, एवढं मी गृहीत धरते. माझा कीबोर्ड कॉर्न आहे, दोन तुकड्यांचा, ४२ कळांचा. तुमचा कुठलाही असला तरी चालेल.

दोन खुलासे. कोडमधली नावं मी इथे देवनागरीत लिहितेय. फाइलमध्ये ती रोमन लिपीत आणि कॅपिटलमध्ये लिहायची, आकडेही इंग्रजीच. ‘केसी_ए’ म्हणजे के, सी, अंडरस्कोर, ए. फंक्शनची आणि फाइलींची नावं, आणि केस, रिटर्न, ट्रू, येस असे शब्द तेवढे लहान लिपीत. दुसरं, ‘की’ न म्हणता मी ‘कळ’ म्हणतेय, कारण ‘ही की दाबली की ती की…’ असलं वाक्य माझं मलाच वाचवत नाही. अनेकवचन ‘कळा’. पहिल्यांदा फर्मवेअर लिहिताना दुसऱ्या अर्थाच्या कळाही येतात, त्याला इलाज नाही.

पायरी १: आधी आकडे डोळ्यांनी बघा

क्यूएमकेच्या लेखी प्रत्येक कळ म्हणजे १६ बिटांचा एक आकडा. बाकी सगळी नावं आपल्या सोयीसाठी. कुठलाही कोड लिहिण्याआधी हे आकडे स्वतःच्या कीबोर्डवरून बाहेर पडताना बघा.

कीमॅपच्या फोल्डरमधल्या ‘रूल्स डॉट एमके’ फाइलमध्ये ‘कन्सोल_एनेबल = येस’ ही ओळ घाला. मग ‘कीमॅप डॉट सी’मध्ये प्रिंटची हेडर फाइल जोडा आणि ‘प्रोसेस_रेकॉर्ड_युझर’ हे फंक्शन लिहा. कळ दाबली किंवा सोडली की क्यूएमके हे फंक्शन बोलावतं आणि त्याला दोन गोष्टी देतं: कळेचा आकडा आणि घटनेचा रेकॉर्ड. फंक्शनच्या पहिल्याच ओळीत आकडा चार घरांच्या हेक्समध्ये (१६ च्या पायावर, ९ नंतर ए ते एफ) छापा, शेवटी ‘रिटर्न ट्रू’ लिहा. ट्रू म्हणजे ‘पुढचं नेहमीचं काम चालू दे’, फॉल्स म्हणजे ‘इथेच थांब, ही कळ मी हाताळली’. हे उलटं झालं तर कीबोर्ड मुका होतो. झालंच तर घाबरू नका, दुसरा कीबोर्ड लावून पुन्हा चढवा.

फर्मवेअर चढवून झाल्यावर टर्मिनलमध्ये ‘क्यूएमके कन्सोल’ ही आज्ञा द्या आणि एकेक कळ दाबा. माझ्याकडे असं दिसतं:

साधी ए: ०००४
उद्गारचिन्हाची कळ: ०२१ई
टॅप केली (दाबून लगेच सोडली) तर ए, दाबून धरली तर शिफ्ट: २२०४
टॅप केली तर स्पेस, दाबून धरली तर लेयर १: ४१२सी
धरली असेल तोवर लेयर १: ५२२१
मी बनवलेली पहिली कस्टम कळ: ७ई४०

हे सहा आकडे कागदावर लिहून ठेवा. पुढचं सगळं यांच्यातूनच निघतं.

पायरी २: पहिला आकडा विभाग सांगतो

पिनकोड आठवा. ४ ने सुरू झाला की पत्र पश्चिमेकडच्या विभागात, ४११ म्हटलं की पुणे, ४०३ म्हटलं की गोवा. पोस्टातल्या माणसाला पूर्ण पत्ता वाचावा लागत नाही. (१५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेली ही पद्धत आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृत कवीही होते. आकड्यांना छंदात बसवणं त्यांना जड गेलं नसावं.)

क्यूएमकेनेही आपल्या ६५,५३६ आकड्यांचे असेच पट्टे पाडले आहेत. हेक्समध्ये ०००० ते ००एफएफ या साध्या कळा. ०१०० ते १एफएफएफ म्हणजे साधी कळ अधिक शिफ्ट, कंट्रोल वगैरे. २००० ते ३एफएफएफ मॉड-टॅप, म्हणजे टॅपला एक आणि धरल्यावर शिफ्ट-कंट्रोल. ४००० ते ४एफएफएफ लेयर-टॅप. ५२०० पासून लेयर बदलणाऱ्या कळांचे छोटे छोटे पट्टे, प्रत्येकी ३२ घरांचे: ५२०० ला ‘त्या लेयरवर जा’, ५२२० ला ‘धरलंय तोवर’, ५२६० ला ‘चालू-बंद’, ५२८० ला ‘पुढच्या एकाच कळेपुरता’. ५७०० च्या घरात टॅप डान्स, म्हणजे किती वेळा टॅप केली त्यावरून अर्थ बदलणाऱ्या कळा. आणि ७ई४० पासून ७एफएफएफपर्यंतची जागा तुमची, तिथे क्यूएमके स्वतः काही ठेवत नाही.

हे आकडे समजण्यासाठी आहेत, कोडमध्ये लिहिण्यासाठी नाहीत. काही वर्षांपूर्वी क्यूएमकेने हे पट्टे नव्याने मांडले. त्याआधी मॉड-टॅप ६००० पासून सुरू व्हायचा, जुन्या व्हिडिओंमध्ये अजून तोच दिसतो. ज्यांनी कोडमध्ये थेट आकडे लिहिले होते त्यांची वर्गवारी एका अपडेटमध्ये निकामी झाली. म्हणून तयार मॅक्रो वापरायचे: ‘इझ_क्यूके_मॉड_टॅप’, ‘इझ_क्यूके_लेयर_टॅप’, ‘इझ_क्यूके_मोमेंटरी’, ‘इझ_मॉडिफायर_कीकोड’. आकडा द्या, हो-नाही मिळेल. पट्टे उद्या पुन्हा हलले तरी नाव तेच राहतं.

पायरी ३: साध्या कळांच्या पट्ट्यातले खड्डे

००एफएफपर्यंतच्या पट्ट्यातला बराचसा भाग क्यूएमकेचा स्वतःचा नाही. तो यूएसबीच्या एचआयडी मानकातून (कीबोर्ड-माउससाठीच्या नियमांतून) जसाच्या तसा आलाय, आणि त्याचा क्रम कीबोर्डच्या जुन्या रचनेवरून पडलाय. ०४ ते १डी अक्षरं, ए ते झेड. १ई ते २७ अंक. २८ पासून एंटर, एस्केप, बॅकस्पेस, टॅब, स्पेस. २डी ते ३८ विरामचिन्हं. ३ए ते ४५ एफ१ ते एफ१२. ४एफ ते ५२ बाण, उजवा-डावा-खाली-वर या क्रमाने. ई० ते ई७ आठ जोडीच्या कळा: डावीकडच्या चार, उजवीकडच्या चार.

इथे नवखा माणूस हमखास दोनदा पडतो.

पहिला खड्डा आस्कीचा, म्हणजे अक्षरांना आकडे देणाऱ्या जुन्या तक्त्याचा. कोडमध्ये एकेरी अवतरणात ए लिहून ‘ही कळ ए आहे का?’ असं विचारलं तर कंपायलर कुरकुरत नाही. कारण अवतरणातला कॅपिटल ए म्हणजे आस्कीचा ६५, हेक्समध्ये ४१. आणि एचआयडीच्या यादीत ४१ ही एफ८ आहे! म्हणजे तुम्ही ए दाबत बसता, काही घडत नाही, आणि महिन्याभराने कधीतरी एफ८ दाबल्यावर ए साठी लिहिलेला कोड जागा होतो. लहान ए लिहिला तर तो नंबरपॅडचा ९ निघतो. अवतरणं विसरा, कायम केसी_ लावलेलं नावच वापरा.

दुसरा खड्डा शून्याचा. कीबोर्डवर शून्य नऊच्या पुढे असतं, म्हणून एचआयडीतही ते नऊच्या पुढे: १ला १ई, ९ला २६, ०ला २७. आपलं डोकं मात्र ० ते ९ असं चालतं. मी ‘केस केसी_० ... केसी_९’ लिहिलं होतं. हा पट्टा २७ पासून २६ पर्यंत, म्हणजे रिकामा. कंपायलर ‘रिकामा पट्टा’ असा इशारा देतो, आणि क्यूएमकेत इशाऱ्यालाही बिल्ड थांबतो, म्हणून मी वाचले. बरोबर क्रम ‘केसी_१ ... केसी_०’. नंबरपॅडलाही हेच.

या तीन टिंबांबद्दल: स्विचमध्ये असा पट्टा देणं ही जीसीसी कंपायलरची सोय आहे आणि क्यूएमकेभर ती बिनधास्त वापरलेली दिसेल. टिंबांच्या दोन्ही बाजूंना एकेक जागा सोडायची. थेट आकडा चिकटून आला तर कंपायलर त्याला दशांश समजून अडतो.

याच पट्ट्यात आवाज कमी-जास्त, म्यूट, गाणं थांबवा या कळाही राहतात. त्या दिसतात साध्या, पण संगणकाकडे वेगळ्या वाटेने जातात. अक्षरं कीबोर्डच्या रिपोर्टमधून आणि या कळा ‘कन्झ्युमर’ नावाच्या दुसऱ्या रिपोर्टमधून. त्यांच्यासाठी ‘इझ_कन्झ्युमर_कीकोड’ आहे. म्हणून ‘००एफएफच्या आत आहे ना, मग टायपिंगची कळ’ असं धरू नका.

पायरी ४: वेष्टन काढा, पण डोळे झाकून नाही

आता कागदावरचा २२०४ घ्या आणि सोला. शेवटची दोन घरं ०४, म्हणजे ए. आधीचं ०२ म्हणजे शिफ्ट (कंट्रोल १, शिफ्ट २, ऑल्ट ४, विंडोज किंवा कमांड ८, आणि उजवीकडची असेल तर त्यात हेक्स १० मिळवा). उरलं २०००, म्हणजे मॉड-टॅपचा पट्टा. १६ बिटांपैकी वरचे ३ घराण्याचे, मधले ५ जोडीच्या कळेचे, खालचे ८ गाभ्याचे.

४१२सी तसंच: ४ म्हणजे लेयर-टॅप, १ म्हणजे लेयर १, २सी म्हणजे स्पेस. इथे लेयरसाठी चारच बिट आहेत, त्यामुळे लेयर-टॅप ० ते १५ लेयरपर्यंतच चालतो. लेयर १६ साठी तो का चालत नाही असा प्रश्न कधी पडला तर उत्तर या एका घरात आहे.

गाभ्याला ८ बिट एवढीच जागा, हे एकदा लक्षात आलं की एक जुनं कोडं सुटतं. तुम्ही ‘टॅप केली तर उद्गारचिन्ह, धरली तर कंट्रोल’ अशी कळ बनवता, सगळं विनातक्रार कंपाइल होतं, आणि टॅप केल्यावर उमटतो १. उद्गारचिन्ह ही वेगळी कळ नाहीच, ती शिफ्टमध्ये गुंडाळलेला १ आहे: ०२१ई. मॉड-टॅपच्या मॅक्रोने त्याची खालची ८ बिटं घेतली, १ई, आणि ०२ टाकून दिलं. एका वेष्टनात दुसरं वेष्टन मावत नाही.

वर्गवारीसाठी हे फार महत्त्वाचं आहे. मॉड-टॅप आणि लेयर-टॅप सोलायचे ते ‘क्यूके_मॉड_टॅप_गेट_टॅप_कीकोड’ आणि त्याचा लेयरवाला भाऊ वापरून. पण ०१०० ते १एफएफएफच्या पट्ट्यातलं वेष्टन सरसकट काढू नका. ०२१ईचं काढलं तर चिन्हाचा अंक होतो. ०१०६, म्हणजे कंट्रोल-सी, सोललं तर ‘सी’ हे अक्षर हाती येतं आणि तुमचं फंक्शन कॉपीच्या शॉर्टकटला टायपिंग समजतं.

क्यूएमकेत टायपिंगचा वेग मोजणारं जे तयार फंक्शन आहे ते हे सगळं सरसकट सोलतं. वेगाच्या आकड्यासाठी तेवढं पुरतं, दिवसाला पाच-पन्नास कंट्रोल-सी जास्त मोजल्याने कोणाचं बिघडत नाही. तेच फंक्शन उचलून दुसरीकडे वापरलं की बिघडतं.

माझा नियम असा. या पट्ट्यातली कळ आली की मधले बिट बघायचे. फक्त शिफ्टचा बिट लागलेला असेल, डावा वा उजवा, तर गाभा बघायचा: अक्षर असेल तर अक्षरच, नाहीतर चिन्ह. कंट्रोल, ऑल्ट, विंडोज यांपैकी काहीही लागलं असेल तर गाभा न बघता ‘शॉर्टकट’.

पायरी ५: फंक्शन लिहायला घ्या

आधी गटांची यादी, एनमच्या (नावांना ओळीने आकडे देणाऱ्या सीच्या यादीच्या) रूपात. गट किती करायचे? पहिल्या प्रयत्नात मी चौदा केले होते, त्यातले सहा कधीच वापरले नाहीत. आता आठ आहेत: अक्षर, अंक, चिन्ह, हालचाल, जोडीची, लेयर, शॉर्टकट, माझी. आणि नववा ‘बाकी’, जो हवाच. तो नसेल तर टॅप डान्स किंवा दिव्यांची कळ आली की फंक्शन भलतंच काहीतरी परत देतं. बाण, होम, एंड, बॅकस्पेस मी ‘हालचाल’मध्ये टाकते. कोणी बॅकस्पेसला वेगळं ठेवतात, ते तुमच्या कामावर आहे.

मग फंक्शनचा क्रम, आणि इथे क्रमच सगळं काही आहे. एक, मॉड-टॅप किंवा लेयर-टॅप असेल तर वेष्टन काढून गाभा घ्या. दोन, लेयर बदलणाऱ्या पट्ट्यात असेल तर ‘लेयर’ म्हणून बाहेर पडा. तीन, शिफ्ट-कंट्रोलच्या वेष्टनाचा वर सांगितलेला नियम. चार, सेफ_रेंजपासून (तुमच्या जागेची सुरुवात, ७ई४०) क्यूके_युझर_मॅक्सपर्यंत (७एफएफएफ) असेल तर ‘माझी’. पाच, जे उरलं ते साध्या कळांच्या स्विचमध्ये:

केस केसी_ए ... केसी_झेड: रिटर्न अक्षर;
केस केसी_१ ... केसी_०: रिटर्न अंक;
केस केसी_एलसीटीएल ... केसी_आरजीयूआय: रिटर्न जोडीची;
डीफॉल्ट: रिटर्न बाकी;

चिन्हांच्या आणि बाणांच्या ओळी तुम्ही भरा, पट्टे वर आलेच आहेत, लिहायची मात्र नावंच. एक सावधगिरी: २डी ते ३८ या विरामचिन्हांच्या पट्ट्याच्या लगेच पुढे ३९ ला कॅप्स लॉक बसलंय. पट्टा एकने लांबला की कॅप्स लॉक विरामचिन्ह होतं.

कस्टम कळांबद्दलही एक. तुमच्या कळांच्या एनमची सुरुवात ‘सेफ_रेंज’पासून करा. ते विसरलात तर सी भाषेच्या रिवाजाप्रमाणे मोजणी शून्यापासून सुरू होते. तुमची पहिली कळ ‘काहीच नाही’ ठरते, दुसरी ‘खालच्या लेयरमधलं घे’, आणि पाचवी दाबली की ए उमटतो. हे बघायला गंमत वाटते, पण शोधायला संध्याकाळ जाते.

पायरी ६: प्रश्न कधी विचारताय?

एवढं लिहून फंक्शन प्रोसेस_रेकॉर्ड_युझरमधून बोलावलं की ते ठीक चालतं, एक गोष्ट सोडून. पायरी १ मधली २२०४ वाली कळ एकदा टॅप करा, एकदा धरून ठेवा. कन्सोलवर दोन्ही वेळा २२०४च येतं. आकडा सारखा, अर्थ वेगळा: टॅप केल्यावर ती अक्षर आहे, धरल्यावर शिफ्ट.

फरक रेकॉर्डमध्ये आहे, टॅपच्या काउंटमध्ये. तो शून्य असेल तर कळ धरलेली आहे, शून्याहून जास्त असेल तर टॅप. तेव्हा पायरी ५ मधल्या पहिल्या मुद्द्यात ही भर: मॉड-टॅप असून काउंट शून्य असेल तर सोलत न बसता ‘जोडीची’ परत द्या, लेयर-टॅप असेल तर ‘लेयर’.

पण हा काउंट भरलेला असतो तो निकाल लागल्यावर. क्यूएमके कळ दाबल्यापासून ठरावीक वेळ वाट बघतं, न बदलल्यास २०० मिलिसेकंद, आणि मग टॅप की धरणं ते ठरवतं. प्रोसेस_रेकॉर्ड_युझर त्यानंतर येतं. प्रत्येक कळेला वेगळी मुदत देणारं ‘गेट_टॅपिंग_टर्म’ मात्र निकालाच्या आधीच विचारलं जातं, साहजिकच, कारण निकाल त्याच्याच उत्तरावर अवलंबून आहे. तिथे काउंट बघणं म्हणजे परीक्षेआधी गुण विचारणं.

म्हणून मी दोन फंक्शनं ठेवते. एक फक्त आकड्यावरून ‘टॅप झालीच तर ही काय असेल’ ते सांगतं, दुसरं रेकॉर्ड बघून ‘ही काय झाली’ ते सांगतं. दुसरं आत पहिल्यालाच बोलावतं. दोन्ही मिळून चाळीसएक ओळी होतात.

पायरी ७: मराठी टाइप करणार असाल तर

इथवरचं सगळं इंग्रजी टाइप करणाऱ्याला पुरेल. मी दिवसभर अनुवादाचं काम करते, इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्ड-मांडणीवर, आणि खरी मजा तिथे सुरू होते.

कीबोर्ड अक्षरं पाठवत नाही, जागा पाठवतो. ०ई म्हणजे ‘इंग्रजी कीबोर्डवर के जिथे असतो ती कळ’. तिचा ‘क’ संगणकातला मराठी लेआउट करतो. आयएस १३१९४ या १९९१च्या भारतीय मानकात इन्स्क्रिप्टची मांडणी दिली आहे, त्यात डावीकडे स्वर आणि मात्रा, उजवीकडे व्यंजनं. पण व्यंजनं २६ कळांत मावत नाहीत, ती उजवीकडच्या चिन्हांवर सांडतात. अर्धविरामावर च, अवतरणावर ट, चौकोनी कंसावर ड, तिरक्या रेघेवर य. आणि फर्मवेअरच्या लेखी ही सगळी विरामचिन्हं!

आता ‘महाराष्ट्र’कडे या. माझ्या कीबोर्डवर मधल्या रांगेत मॉड-टॅप आहेत: टॅप केलं तर अक्षर, धरलं तर जोडीची कळ. डी धरली तर कंट्रोल. इन्स्क्रिप्टमध्ये डी म्हणजे हलन्त, पायमोड. मराठीत जोडाक्षर आलं की डी आलीच. ‘ष्ट्र’ लिहायला शिफ्टबरोबर स्वल्पविराम, डी, अवतरण, डी, जे. शेवटच्या दोन कळांत डीवर बोट क्षणभर रेंगाळलं की संगणकाला दिसतं कंट्रोल-जे, आणि ब्राउझर डाउनलोडची यादी उघडतो. ‘भक्त’ लिहिताना असंच झालं तर डी आणि एल मिळून कंट्रोल-एल होतं आणि कर्सर पत्त्याच्या पट्टीत जाऊन बसतो.

यावर क्यूएमकेत फ्लो टॅप नावाची सोय आहे. आधीच्या कळेनंतर थोड्याच वेळात मॉड-टॅप दाबली गेली तर माणूस टाइप करतोय असं समजून ती लगेच टॅप धरायची. मी १५० मिलिसेकंद ठेवलेत. अट एवढीच की आधीची कळ आणि ही कळ, दोन्ही ‘टायपिंगच्या’ हव्यात. कुठल्या टायपिंगच्या हे ‘इझ_फ्लो_टॅप_की’ ठरवतं, आणि तुम्ही ते स्वतः लिहिलं नाही तर त्याची यादी अशी: ए ते झेड, स्पेस, टिंब, स्वल्पविराम, अर्धविराम, तिरकी रेघ. च आणि य वाचले. ट आणि ड राहिले बाहेर. ‘पत्र’ सुधारलं, कारण त म्हणजे एल. ‘महाराष्ट्र’ मात्र तसंच, कारण शेवटच्या हलन्ताच्या आधी ट होता.

दुरुस्ती एका ओळीची: ते फंक्शन स्वतः लिहा, आत गाभ्याचा आकडा काढणारं ‘गेट_टॅप_कीकोड’ वापरा, आणि यादीत अवतरण, दोन्ही चौकोनी कंस, बरोबरचं चिन्ह (इन्स्क्रिप्टमधला ृ) आणि उलटी तिरकी रेघ (ॉ) घाला. कॉर्नवर चौकोनी कंस सहसा पहिल्या लेयरवर नसतात. ड साठी तुम्हाला कुठेतरी जागा करावी लागेल, मी एका अंगठ्याच्या लेयरमध्ये केली आणि अजून मनासारखी नाही.

शिफ्टचा अर्थही बदलतो. इंग्रजीत शिफ्ट म्हणजे तेच अक्षर मोठं. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट म्हणजे दुसरंच अक्षर: क चा ख, ल चा ळ, म चा ण. त्यामुळे एक शब्द कॅपिटलमध्ये टाइप करून देणारी कॅप्स वर्डची सोय मराठीत चालू राहिली तर ‘कमल’चं ‘खणळ’ होतं. आणि पायरी ४ मधलं ०२१ई, ज्याला आपण कौतुकाने ‘चिन्ह’ म्हटलं, ते मानक इन्स्क्रिप्टमध्ये ऍ उमटवतं. आपला वर्ग ‘चिन्ह’, पडद्यावर स्वर.

मग फर्मवेअरला भाषा कळवायची कशी? संगणक ते सांगत नाही. मी आधी एक कस्टम कळ केली होती: ती विंडोज-स्पेस पाठवायची आणि आतला एक झेंडा उलटा करायची. माउसने एकदा भाषा बदलली की झेंडा आणि संगणक यांचं जन्मभराचं वाकडं. शेवटी मराठीसाठी वेगळा मूळ लेयर केला. त्यात डी साधी आहे, कंट्रोल अंगठ्यावर गेलाय, कॅप्स वर्डची कळच नाही. भाषेची कळ आता तीन गोष्टी करते: विंडोज-स्पेस पाठवते, मूळ लेयर बदलते, आणि कोपऱ्यातला दिवा केशरी करते. चुकामूक अजूनही होते, पण दिवा बघून लगेच कळते. वर्गवारीचं फंक्शनही चालू लेयर बघतं, आणि मराठी लेयर असेल तर अवतरण आणि कंस ‘अक्षर’ म्हणून परत देतं.

तपासायला मी ठरलेले शब्द ठेवलेत: महाराष्ट्र, पत्र, भक्त, चाट, ज्येष्ठ. मग इंग्रजी लेयरवर १ ते ०, उद्गारचिन्ह, कंट्रोल-सी. फंक्शनने दिलेला गट कन्सोलवर छापायचा आणि प्रत्येकाचा बरोबर येतो का बघायचं. सगळे जुळले की कन्सोलची ओळ रूल्स डॉट एमकेमधून काढून टाका. प्रो मायक्रोसारख्या जुन्या कंट्रोलर बोर्डांवर एकूण जागा ३२ किलोबाइट, त्यातली काही बूटलोडर (नवं फर्मवेअर चढवून घेणारा छोटा प्रोग्रॅम) खातो, आणि कन्सोल चालू ठेवून वर दिव्यांचे चार खेळ घातले की ‘फर्मवेअर मावत नाही’ असा संदेश येतो.